बंब, वखार आणि काळीज

सासरी पोचलीस की देवघर आणि माजघर बघून झाल्यावर न्हाणीतला बंब बघ. तांब्याचा असला, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला असला, तर सासूबाईंचं तोंडभर कौतुक कर. पण त्यात जाळतात काय, ते नीट बघून घे. चिपाडं, शेणी, बाभळीच्या ढलप्या, करवंट्या, इथवर एक वेळ चालेल. आपल्याकडं बंब पेटवायला मात्र दुधाची रिकामी पिशवी लागते, खताच्या पोत्याची चिंधी लागते, तुटक्या चपलेचा तुकडा लागतो. पटकन पेट घेतं म्हणून. पहाटेची वेळ, थंडी म्हणून दार ओढलेलं, झरोका पोत्यानं बुजवलेला, आणि घरातली सगळ्यात धाकटी बाई, म्हणजे आता तू, त्यावर वाकून फुंकणी फुंकणार. तेव्हा पहिलं सांगणं हेच की प्लास्टिक आणि रबर बंबाच्या आसपाससुद्धा ठेवायचं नाही. नारळाची शेंडी, वाळका पाला, जुनं वर्तमानपत्र एवढ्यावर बंब पेटतो. थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे.

जमलं तर तो बंब न्हाणीतून उचलून परड्यात पत्र्याखाली न्या आणि पाणी बादलीनं आत आणा. सासरेबुवांना ‘धुरानं त्रास होतो’ असं सांगू नकोस. नव्या सुनेच्या तोंडी ते नखरे वाटतात. ‘न्हाणीच्या भिंती काळ्या होतात, दरवर्षीचा चुना वाचेल’ असं सांग. पुढं-मागं चार पैसे हाताशी आले की माडीवर सोलर बसवा. पावसाळ्यात बंब लागेल, बाकीच्या महिन्यांचा धूर तरी वाचेल. गॅस गिझर घ्यायचं कोणी काढलं तर मात्र एक अट घाल. तो न्हाणीच्या आत लावायचा नाही. बंद न्हाणीत गॅस जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळीला गेलेलं धडधाकट माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतं. हिवाळ्यात अशा बातम्या पेपरात येतच असतात. गिझर बाहेरच्या भिंतीवर, नळ तेवढा आत.

तू म्हणशील, मावशी काळजाच्या दुखण्याचं सांगणार होती आणि बंबापाशीच बसली. बसले, कारण दुखणं तिथूनही येतं. आरोग्यसेविका म्हणून खेडोपाडी दंडाला पट्टा बांधत, रक्तदाब लिहीत फिरले. तपासणीच्या कार्डावर ठरलेले रकाने असायचे. विडी ओढता का, तंबाखू खाता का, दारू घेता का. बहुतेक बायांपुढं तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहायचं, मिश्रीचं तेवढं हळूच विचारायचं, आणि पुढचं घर गाठायचं. चुलीपुढं किती वर्षं बसलात, बंबात काय जाळता, तंबाखूच्या वखारीत होता का, घर हायवेपासून किती लांब, हे रकानेच नव्हते. मग अशी एखादी बाई छातीत कळ येऊन गेली की गाव हळहळायचं, ‘सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हती हो, तिला कसा अटॅक आला?’ तिला काही ओढायची गरज नव्हती. घरातला, रस्त्यातला, वखारीतला धूर ती दिवसभर फुकट ओढत होती.

म्हणून तुला माझं एकच मागणं आहे. आपल्या माणसांचे धुरातले तास मोज. कोण, कुठं, किती वेळ, कसली हवा घेतो. रक्तातली साखर मोजतो, दाब मोजतो, तसं हेही मोजायचं. एखाद्या दिवाळीत फटाक्यांचा खकाणा झाला म्हणून काळीज बिघडत नाही. ज्याचं आधीच नाजूक आहे त्याला असा दिवस अटॅकचं निमित्त होऊ शकतो, ते वेगळं. निरोगी माणसाचं काळीज बिघडवते ती रोजची, सवयीची, कोणाच्या ध्यानातही न येणारी हवा.

आपण धूळ म्हणजेच खराब हवा असं धरून चालतो. डोळ्याला दिसणारी धूळ बहुतेक नाकात आणि घशात अडकते. शिंक येते, खाकरा येतो, पडून जाते. ज्यांना भ्यायचं ते कण दिसत नाहीत. अडीच मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याएवढे. त्यांनाच पीएम २.५ म्हणतात. लाकूड, शेणी, डिझेल, कोळसा, उसाचा पाला, विडी, उदबत्ती, काहीही जळलं की ते तयार होतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी, पार वायुकोशांपर्यंत जातात. शरीर त्यांच्याशी झगडतं, तिथं सूज धरते, त्या सुजेची रसायनं रक्तात उतरतात. सगळ्यात बारीक कण तर स्वतःच रक्तात शिरतात. मग रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं, चरबीचा थर बसायला जागा होते, रक्त गोठण्याकडं झुकतं, दाब चढतो. बंबाच्या नळीत आतून खार धरत जातो तसं हे वर्षानुवर्षं चालतं. वरून तांबं लखलखीतच दिसतं.

हे माझ्या मनचं नव्हे. अमेरिकेत हार्वर्डच्या लोकांनी सहा शहरांतल्या आठ हजारांवर माणसांवर चौदा ते सोळा वर्षं नजर ठेवली आणि १९९३ साली निष्कर्ष छापला. वय, सिगारेट, वजन, सगळं हिशेबात धरूनसुद्धा सगळ्यात मळक्या हवेच्या स्ट्यूबेनव्हिलमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि संबंध जुळला तो हृदयाच्या नि फुप्फुसाच्या आजारांशी. २०२० साली २१ देशांतल्या दीड लाखावर माणसांचा अभ्यास आला, त्यात भारतातलीही माणसं होती. हवेतले हे बारीक कण घनमीटरमागं १० मायक्रोग्रॅमनं वाढले की हृदयविकार आणि लकव्यासारख्या घटना पाच टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. पाच टक्के म्हणजे काय मोठं, असं म्हणू नकोस. विडी गावातले काही जण ओढतात, हवा सगळा गाव ओढतो. २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणापायी सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आपल्याच देशातल्या संशोधकांनी मांडला आहे, आणि त्यातले सहा लाखांवर घरातल्या चुलीच्या धुराच्या खात्यावर आहेत.

मापाचंही सांगून ठेवते, कारण मोबाइलवर आकडे बघून तू निर्धास्त होशील. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये या कणांच्या वर्षाच्या सरासरीची मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाचं २००९ पासूनचं माप ४० आहे. म्हणजे ३९ आले की कागदावर पास. काळजाला ते पास-नापास कळत नाही. हवा जितकी साफ तितकं बरं. अमुक आकड्याखाली धोकाच नाही अशी रेघ अजून कोणाला सापडलेली नाही.

आपल्या भागाचं तर आणखीच. २०१९ मध्ये केंद्रानं हवा सुधारायचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यातल्या शहरांच्या यादीत उत्तरेला कोल्हापूर आहे, सांगली आहे, दक्षिणेला हुबळी-धारवाड आहे. मधलं बेळगाव यादीत नाही, आपलं निपाणी तर नाहीच. यादीत नाही म्हणजे आपली हवा गोड, असं काही जण समजतात. पुणे-बंगळूर रस्ता कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी-धारवाड यांना एका दोरीत ओवतो, आणि त्याच दोरीवर आपण आहोत. त्यातून आपला सीमाभाग. सीमा कुठून जावी यावर १९५६ पासून भांडण चालू आहे, आणि महाराष्ट्रातल्या कागलकडचा धूर सीमेवरचा कोगनोळीचा नाका न थांबता ओलांडतो. तक्रार करायची तर अलीकडं कर्नाटकाचं प्रदूषण मंडळ, पलीकडं महाराष्ट्राचं. कानडीत लिहायचं की मराठीत इथूनच सुरुवात. ते भांडण बाप्यांना भांडू दे. आपल्या हातात घर आहे, तिथून धरू.

तुझं घर हायवेपासून फार आत नाही, हे मला ठाऊक आहे. रस्त्याच्या धुराचा खरा जोर कडेच्या दीडशे-दोनशे मीटरांत असतो, पुढं तो पातळ होत जातो. घर उचलून नेता येत नाही, खोल्या बदलता येतात. रस्त्याकडचा सोपा बसाय-उठायला ठेवा, झोपायची खोली परड्याकडची घ्या. माणूस दिवसातले सात-आठ तास झोपतो, म्हणजे हवेचा सगळ्यात मोठा हप्ता तिथंच. रात्री अवजड गाड्यांची रांग लागते तेव्हा रस्त्याकडची खिडकी बंद आणि मागची उघडी, असा नेम ठेव. दुपारी वारं सुटलं की दोन्ही उघड. रस्त्याकडं कुंपणाला दाट झाडी लावलीत तर थोडं अडतं. घरात मात्र मनी प्लांटच्या बाटल्या मांडून हवा शुद्ध होते हे सोड. शोभेला ठेव हवं तर.

चुलीचं. गॅस आला म्हणून चूल विझली असं आपल्याकडं होत नाही. भात-आमटी गॅसवर, भाकरी चुलीवर, जनावरांचं आंबोण चुलीवर, पाहुणे आले की मटण चुलीवर. सिलिंडर संपेल ही धास्ती बाईच्या मनातून जात नाही, आणि ती खोटीही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकानं आणि त्याच्या सोबत्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायांच्या अंगावरच यंत्र अडकवून त्यांच्या वाट्याचा धूर मोजला, तेव्हा कुठं जगाला कळलं की शहराच्या चौकापेक्षा स्वयंपाकघर वाईट असू शकतं. तुला सासूशी भाकरीवरून वाद घालायला मी सांगत नाही. चुलीवरची भाकरी गॅसवरच्या भाकरीहून चवदार असते, मीही मागून खाते. आंबोणाची आणि मोठ्या रांधणाची चूल तेवढी परड्यात उघड्यावर ने. घरातली राहिली तर वर धुराडं हवं, आणि धुराड्याचं तोंड शेजारणीच्या खिडकीत नको. सरपण वाळलेलं घाल. ओलं लाकूड जास्त धुपतं. पोर कडेवर घेऊन चुलीपुढं बसायचं नाही, पाळणा लांब बांधायचा. दोन-तीन जनावरं असतील तर गोबरगॅसचा विचार कर. कोल्हापूरकडच्या खेड्यांत तो आपल्याहून जास्त दिसतो, आणि ते लोक काही वेडे नाहीत. गॅस आला की लगेच बीपी उतरेल असं मात्र समजू नकोस. एक धूर बंद केला आणि तीन चालू ठेवले की फरक दिसत नाही. म्हणून तर तास मोजायला सांगते, सगळे.

तुझ्या सासूबाईंचं मला जास्त वाटतं. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत, आता घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणं. निपाणीचं नाव या पिकानं झालं. १९८१ साली शरद जोशींच्या मागं तंबाखूच्या शेतकऱ्यांनी भावासाठी हाच हायवे अडवून धरला, गोळीबार झाला, माणसं गेली. ते बहुतेकांना ठाऊक असतं. वखारीतल्या बायांचं तेवढं कोणी सांगत नाही. त्याही त्याच सुमारास संघटित झाल्या, मजुरीसाठी लढल्या, आणि युगांतर नावाच्या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर फिल्म केली, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. मिळाली तर सासूबाईंना शेजारी बसवून बघ. सून म्हणून चार वर्षांत जे कळायचं नाही ते तेवढ्यात कळेल.

वखारीत चाळताना जो धुरळा उडतो त्यानं खोकला येतो, दमा लागतो, डोळे चुरचुरतात. काळजाला आणखी एक गोष्ट लागते. तंबाखू हाताळताना निकोटिन कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं, नाडी वाढते, दाब चढतो. तोंडात चिमूट न टाकताही. म्हणून ज्या बाईचे हात तंबाखूत आहेत तिच्या कार्डावर ‘तंबाखू, नाही’ लिहिलं तर ते अर्धंच खरं.

विड्या वळणं बंद करा म्हणणं सोपं आहे. त्या पैशावर तुझ्या नवऱ्याचं शिक्षण झालं आहे. जागा तेवढी बदल. बसायचं सोप्यात किंवा कट्ट्यावर, वारं पाठीकडून येईल असं तोंड करून. तंबाखूचं पोतं झोपायच्या खोलीत नको, स्वयंपाकघरात तर मुळीच नको. काम आटोपल्यावर कोरडा झाडू मारायचा नाही; पाणी शिंपडून किंवा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, नाहीतर खाली बसलेलं सगळं पुन्हा वर येतं. हात साबणानं धुवायचे, साडी बदलायची, मग परातीला हात. नातवंडं झाली की ही शिस्त आपोआप येईल, पण तोवर कशाला थांबायचं? आणि विडी वळणाऱ्या घरात विडी ओढणारा असतोच. सासरेबुवांना ओढायचीच असेल तर परड्याच्या टोकाला, बाभळीखाली. उंबऱ्यात बसून ओढली की धूर आतच येतो.

गुळाचं एक ऐकून ठेव, कारण हे तुला सगळे सांगतील. वखारीतल्या बायका, फौंड्रीतले गडी, कापसात काम करणारे, सगळे मानतात की कामावरून आल्यावर गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ उतरते. गूळ खाल्लेला पोटात जातो, फुप्फुसात नाही. आपला गूळ उत्तम आहे, भुकेल्या माणसाला तरतरी येते, एवढंच. साखरेचं दुखणं जडलेल्यानं तर धूळ उतरवायच्या नावाखाली खडे खाऊ नयेत. दुधाचं आणि केळ्याचंही तसंच.

तुझा नवरा गाडीवरून रोज कागलच्या एमआयडीसीत जातो. त्याच्या तोंडावरचा रुमाल धुळीला ठीक आहे, या बारीक कणांना तो काही अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण नाकावर आणि गालावर घट्ट बसला तर. दाढीवर सैल लोंबणारा असून नसल्यासारखा. ट्रकच्या किंवा एसटीच्या बुडाशी गाडी लावून चालायची आपल्या पोरांची सवय आहे, ती मोड म्हणावं. अंतर ठेवलं की धूर पातळ होतो. कोगनोळीच्या आणि हत्तरगीच्या टोलनाक्यावर, तवंदीच्या घाटात चढावर, गाड्या कण्हत असतात तिथं चारचाकीत असाल तर काचा वर आणि आतली हवा आत फिरायचं बटण चालू. घाट उतरला की काचा खाली. नणंदेचे यजमान बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, त्यांना सांगायचं ते एवढंच की कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आणि भट्टीपाशी डोकं जड होऊन मळमळायला लागलं तर ते पित्त नव्हे, आधी बाहेर मोकळ्यावर यायचं.

आता सासरेबुवा. बीपीची गोळी चालू, आणि पहाटे फिरायचा नेम. नेम चांगला, वेळ वाईट. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडं काय होतं बघ. गुऱ्हाळं पेटलेली असतात, कारखान्यांचा हंगाम चालू असतो, ऊस गेलेल्या फडांत पाला पेटवलेला असतो, घरोघरी बंब. थंड जड हवा खाली बसते, तिच्यावर गरम हवा झाकणासारखी बसते, वारं पडलेलं असतं, तो सगळा धूर धुक्यात मिसळून जमिनीलगत राहतो. त्याला लोक कौतुकानं ‘काय धुकं पडलंय’ म्हणतात. त्यातून थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो, आणि हार्ट अटॅकचं प्रमाणही सकाळच्या वेळी जास्त असतं. अशा पहाटे सर्व्हिस रोडवरून झपाझप चालणं म्हणजे सगळी विघ्नं एका ठिकाणी बोलावणं. ऊन वर आल्यावर, धुकं फाटल्यावर जाऊ दे. रस्ता सोडून शेतवाटेनं. बेळगावला लेकीकडं राहायला गेले की व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरा म्हणावं, गोगटे सर्कलच्या सिग्नलला वळसे घालू नयेत. हवेला भिऊन चालणं मात्र सोडायचं नाही. चालण्याचा फायदा मोठाच आहे, वाट आणि वेळ निवडायची.

पाला जाळायचा विषय घरात जेवताना काढ, शेतात गेल्यावर काढू नकोस. काडी हातात घेतलेला माणूस ऐकत नाही. पाचट सरीत पसरून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले की त्याचं खत होतं, ओल टिकते, खोडव्याला एखादं पाणी वाचतं. हे कृषी खात्याचे लोक किती वर्षं सांगतात. खोडवा ठेवायचा असेल तर जाळण्यात नफा नाहीच. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडाबरोबर जुने टायर घालणारे कोणी ओळखीचे असतील तर त्यांच्याकडचा गूळ घेऊ नकोस, आणि का घेत नाही ते सांग. गिऱ्हाइकाचं बोलणं लवकर लागतं.

घरातले बारके धूर लोक विसरतात. डासांची कछुआ छाप उदबत्ती बंद खोलीत रात्रभर जळते. २००३ च्या एका अभ्यासात असं निघालं की तिची एक गुंडाळी जळताना जेवढे बारीक कण सुटतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे. मच्छरदाणी लाव. दिसायला जुनाट, पण तिला धूर नाही आणि खर्च एकदाच. देवाची उदबत्ती देवापुढं लाव, झोपायच्या खोलीत नको. गुरुवारी आणि अमावस्येला धूप घालाल तेव्हा दारं-खिडक्या उघड्या. देव काही धुरानं मोजत नाही.

एवढं सगळं करूनही पहिली जागा जुन्याच गोष्टींची आहे, हे विसरू नकोस. तंबाखू आणि विडी सोडणं, दाब आणि साखर आटोक्यात ठेवणं, मीठ कमी, चालणं. हवा त्यावर चढणारा जादा बोजा आहे. ज्याचा दाब चढा आणि हवाही वाईट, त्याला दोन्हीकडून मार. म्हणून घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर वर्षातून एकदा तरी बघून घे, आणि गोळी चालू असलेल्यानं ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती बंद करायची नाही. डॉक्टरांकडं गेलात की कार्डावर नाही ते तू स्वतः सांग. ‘सासूबाई इतकी वर्षं वखारीत होत्या, चूल आहे, घर हायवेला आहे.’ काही डॉक्टर ऐकून घेतील, काही घड्याळ बघतील. तरी सांग.

आणि वेळ आलीच तर. छातीत आवळल्यासारखं होणं, डाव्या हाताला, जबड्याला, पाठीला कळ जाणं, दरदरून घाम. बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, म्हणून त्या ओवा चावत बसतात. आपल्याकडं असल्या वेळी ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पाजतात आणि सकाळपर्यंत थांबतात. थांबायचं नाही. रुग्णाला चालवायचं नाही, गाडीवर मधे बसवून न्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा. जितका उशीर तितका काळजाचा स्नायू मरत जातो, तो पुन्हा येत नाही. कर्नाटक सरकारनं पुनीत राजकुमारच्या नावानं हृदयज्योती योजना काढली आहे. तो नट २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी गेला, तेव्हा सगळा कर्नाटक हळहळला होता. त्या योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवतात आणि गरज पडली तर रक्ताची गाठ विरघळवायचं महागडं इंजेक्शन तिथंच फुकट देतात. आपल्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात ही सोय आहे ते आधीच, सगळे धडधाकट असताना, जाऊन विचारून ये. रात्री दोनला विचारायला वेळ नसतो. महाराष्ट्रातलं हॉस्पिटल जवळ पडत असेल तर तिकडंही चालेल; मात्र इकडचं योजनेचं कार्ड तिकडं चालतं का, तेही त्याच फेरीत विचार.

ईसीजीचा कागद फेकू नका. आज बरा आला तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना जुना शेजारी ठेवून बघायला लागतो. तो कागद उन्हानं आणि गरमीनं पुसट होतो, म्हणून त्याची झेरॉक्स काढ, मोबाइलमध्ये फोटो काढून नवऱ्यालाही पाठव, आणि मूळ कागद सासऱ्यांच्या आधारकार्डाबरोबर एकाच पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेव.